काळोखरावांचा दुसरा दिवा

"दार लावा! आधी दार लावा!"

भिंगरी दचकून उंबऱ्यातच थांबली. खोली तिची, दार तिचं, दारावरची पाटीसुद्धा तिचीच. आणि आतून कोणीतरी परका माणूस तिच्यावरच ओरडत होता! बरं, आत बघावं तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. खिडकीला काळा पडदा, मधोमध टेबल, टेबलावर एकच एक दिवा आणि दिव्याखाली एक रुपेरी नाणं, एकटंच चमकत बसलेलं.

"अहो, लावा ना! उजेड येतोय!"

"उजेड यावा म्हणूनच तर खिडकी आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही कोण? माझ्या खोलीत काय चाललंय?"

"फोटो."

"कुणाचा?"

"तुमचा नाही, एवढं नक्की," अंधारातला आवाज म्हणाला.

आता इथे कुणीही शहाणी मुलगी दार आपटून निघून गेली असती, आणि ही गोष्टही तिथेच संपली असती. भिंगरीनं दार लावलं खरं... पण आतून लावलं. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. आवाज उर्मट होता, पण त्याच्या तळाशी हसू होतं, आणि हसू ऐकायला दिवा लागत नाही.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. गळ्यात सदा दोरीला बांधलेलं भिंग, आणि पायाला सदा घाई, म्हणून आत्यानं ते नाव ठेवलं आणि चिकटलं. आत्याचं जुन्या नाण्यांचं लिलावघर होतं. तिथे आत्याला मॅडम म्हणायचं आणि घरी आत्या, असा कडक नियम होता. भिंगरी तो रोज मोडायची आणि रोज बोलणी खायची.

तिचं काम मोठं मजेचं. नाण्यावर सालाच्या खाली एक इवलंसं अक्षर असतं. नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं, त्याची ती खूण. पूर्वी हे अक्षर नाणं पाडायच्या ठशावर हातानं ठोकायचे. कारागिराचा हात जरा ढळला, अक्षर तिरकं बसलं, की तो तेच अक्षर पुन्हा नीट ठोकायचा. पण आधीचं काही जायचं नाही. ते नव्या अक्षराच्या आडून डोकावत राहायचं, आणि त्या ठशातून पडलेल्या झाडून सगळ्या नाण्यांवर उतरायचं. अशा नाण्याला लिलावघरात ‘दुबार’ म्हणत. शौकीन लोक त्याच्यासाठी जीव टाकत. उलट नाणं पाडताना ठसा नुसता थरथरला तरी अक्षर दुहेरी दिसतं. तो ‘हादरा’. त्याला कुत्रं विचारत नाही. दुबार अक्षराचं अंग गोल असतं, टोकाशी बारीक खाच असते. हादरा चपटा असतो, पायरीसारखा. हे ओळखण्यात भिंगरीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आणि अंधारातला तो माणूस होता फोटोवाला. लिलावाच्या पुस्तकासाठी नाण्यांचे फोटो काढायला आत्यानं त्याला बोलावलं होतं, आणि भिंगरीला सांगायला विसरली होती. आल्या आल्या त्यानं एकूण एक पडदे ओढून घेतले, म्हणून आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं काळोखराव.

काळोखरावांचं एक तत्त्व होतं, आणि ते त्यानं भिंगरीला ती खुर्चीत बसते न बसते तोच ऐकवलं.

"एका नाण्याला एक दिवा. दोन दिवे लावले की दोन सावल्या. दोन सावल्या म्हणजे थाप."

"मला शिकवू नका," ती म्हणाली. "दिवा दहा वाजता आणा."

"आत्ता तर साडेतीन झालेत."

"नाण्याचं घड्याळ हो! वर बारा, खाली सहा. दहा वाजता, म्हणजे वर डावीकडे."

"अच्छा. मग असं मराठीत सांगा ना."

इथून सुरुवात झाली. रोज दुपारी ती समोर बसायची. नाण्यावर काय दिसायला हवं ते तिनं सांगायचं आणि त्यानं दिवा सरकवायचा. उजेड नाण्यापुरता. बाकी सगळा अंधार.

"दुसरं अक्षर कुठंय?" तो विचारायचा.

"ईशान्येला. जरासं."

"मला तर काही दिसत नाही."

"तुम्ही फोटो काढता की झोपा काढता?"

"दोन्ही. पण फोटो जरा बरे येतात."

ती हसायची. अंधारात हसायला बरं असतं, कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. एकदा तिनं विचारलं, "तुम्ही माणसांचे फोटो का नाही काढत?"

"माणसं हलतात."

"न हलणारीही असतात की."

"असतील. मला भेटली नाहीत. तुम्ही तर मुळीच नाही. बसल्या बसल्या पाय हलवताय, टेबल थरथरतंय."

तिनं पाय आवरला. शटर दाबायच्या आधी तो श्वास रोखायचा, टेबलाला धक्का लागू नये म्हणून. मग तिलाही रोखावा लागायचा. त्या अंधारात दोघं एकाच वेळी श्वास धरून बसायची आणि खट्‌ आवाज झाला की एकदमच सोडायची. हे इतकं रोजचं झालं की घरी ताटावर बसलं, जिना चढता चढता थांबलं, की तिचा श्वास उगाचच अडायचा. कुणी पाहिलं तर काय म्हणेल! पण कुणी पाहत नव्हतं, आणि दुखणं तर तेच होतं. तो तरी तिच्याकडे पाहतो का? तिला दिसायचे त्याचे हात, दुमडलेल्या बाह्या, साबणाचा साधा वास. त्याला तिचं काय दिसायचं, देव जाणे.

आणि तो जाणार होता. इथलं काम उरकलं की लांबच्या एका संग्रहालयात, वर्षभराच्या कामावर. हे त्यानं असं सांगितलं होतं जसं कुणी सांगतं की मंगळवारी केस कापायचेत. भिंगरीला फक्त एकच हवं होतं. जाण्याआधी त्यानं एक शब्द बोलावा. नाण्याबद्दलचा नव्हे, तिच्याबद्दलचा. आपण होऊन विचारायचं म्हटलं तर जीभ टाळूला चिकटायची. दिवा दहा वाजता आणा, चार वाजता आणा, याखेरीज तोंडातून काही फुटायचंच नाही.

बघता बघता शेवटचा दिवस आला. शेवटचं नाणं.

ती येऊन बसली तर खोली जरा वेगळी वाटली. "आज उजेड जास्त आहे का हो?"

"शेवटचा दिवस," तो गडबडीनं म्हणाला. "म्हटलं चैन करू."

"तुम्ही आणि चैन!" ती खळखळून हसली. तिनं भिंग डोळ्याला लावलं. सालाखालचं अक्षर पाहिलं. त्याच्या अंगाला लागून दुसरं अक्षर, टोकाशी खाच. एरवी ती नाणं उचलून पलीकडच्या स्वतःच्या टेबलावर न्यायची, आपल्या दिव्याखाली फिरवून फिरवून बघायची आणि मगच मत द्यायची. आजवर तिनं हे कधी चुकवलं नव्हतं. पण उठायचं म्हणजे या खुर्चीवरून उठायचं, आणि एकदा उठलं की ही खुर्ची संपली.

ती उठली नाही. "दुबार," तिथूनच म्हणाली.

"नक्की?"

"मी कधी चुकलेय?"

त्यानं श्वास रोखला. तिनंही रोखला. खट्‌ झालं. मग त्यानं सामान आवरलं, तिनं नाणी डब्यात भरली. दाराशी दोघं एकदमच पोचली आणि दोघंही बाजूला सरली.

"बरंय मग," तो म्हणाला.

"बरंय," ती म्हणाली.

एवढंच! महिनाभर मनात मांडे खाल्ले, आणि पदरात काय पडलं तर ‘बरंय’.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. काळा पडदा निघाला, खिडकी उघडली, खोलीत भसाभस ऊन आलं, आणि भिंगरीला ते ऊन डोळ्यांसमोर नकोसं झालं. तो अजून गावातच होता, आवराआवर करत होता, हे तिला ठाऊक होतं. जिन्यावर पाऊल वाजलं की ती कान टवकारायची. पोस्टमन असायचा. लिलावाचं पुस्तक छापून आलं तेव्हा ती ते उघडून बसली ती उठेचना. एकेका फोटोत त्याचा हात होता. हा दिवा त्यानं तिच्या सांगण्यावरून सरकवला होता, हा तिच्याशी भांडून. या नाण्याच्या वेळी त्याला शिंक आली होती आणि दोघं हसून हसून बेजार झाली होती. फोटोत त्यातलं काहीसुद्धा दिसत नव्हतं, नुसती नाणी दिसत होती.

"सकाळपासून तेच पान?" आत्यानं डोकावून विचारलं.

"खाच बघतेय."

"खाच!" आत्या म्हणाली. "बघ बघ."

लिलावाच्या आदल्या दिवशी नाणी लोकांना हाताळून बघायला मांडतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक शंकेखोर आजोबा होते. त्यांनी आजवर एकही नाणं शंका काढल्याशिवाय खाली ठेवलं नव्हतं. त्यांनी ते शेवटचं नाणं घेतलं, खिडकीशी नेलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि भिंगरीला हाक मारली.

"पोरी, माझे डोळे गेले की तुझे?"

"का हो आजोबा?"

"दुसरं अक्षर दाखव मला."

तिनं हसत भिंग लावलं, आणि तिचं हसू तिथेच मावळलं. गोल अंग नव्हतं. खाच नव्हती. होती एक चपटी, पसरट पायरी. हादरा! धडधडीत हादरा, शिकाऊ पोरानंही ओळखला असता असा. तिनं घाईघाईनं पुस्तक उघडलं. फोटोत मात्र खाच होती. पण नीट पाहिलं तर ती खाच नव्हतीच. नाण्यावरच्या प्रत्येक अक्षराला दोन दोन सावल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. दुसरी सावली हादऱ्याच्या कडेवर चढली होती आणि बेमालूम खाच होऊन बसली होती.

दोन दिवे! ‘एका नाण्याला एक दिवा’ म्हणून महिनाभर डोकं खाणाऱ्या माणसानं, दोन दिवे!

ती पुस्तक घेऊन तशीच निघाली. बादल्या आणि दोरखंड विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड होतं. दार सताड उघडं होतं आणि तो जमिनीवर बसून कॅमेऱ्याची भिंगं जुन्या टॉवेलांत गुंडाळत होता. तिला बघून तो उठला, आणि इतक्या आनंदानं उठला की एरवी ती तिथेच विरघळली असती.

"दोन दिवे होते!" तिनं पान त्याच्या नाकासमोर धरलं.

त्यानं पाहिलं. चेहरा खर्रकन उतरला. "...हो."

"का?"

त्यानं हातातल्या टॉवेलाची उगाचच घडी घातली.

"का म्हणून विचारतेय मी!"

"नाण्यासाठी नव्हता तो दुसरा," तो हळू आवाजात म्हणाला. "महिनाभर तुम्ही समोर बसलात. मला दिसायची नुसती बोटं आणि भिंगाचा काठ. हसायचात ते फक्त ऐकू यायचं. शेवटच्या दिवशी म्हटलं... एकदा तरी बघावं, हसताना कशा दिसता. म्हणून तुमच्याकडे तोंड करून लावला होता. त्याचा उजेड नाण्यावर पडेल हे... मला सुचलंच नाही. मला! मला नाही सुचलं!"

घ्या! ज्या एका शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, तो आला. एक सोडून दहा आले. आणि आमच्या भिंगरीनं काय करावं? तिच्या डोळ्यांसमोर आजोबांचं भिंग, आत्याचा चेहरा, पुस्तकातलं आपलं नाव असं सगळं गरगरत होतं. "उद्या सगळे हसतील मला," एवढं बोलून ती वळली आणि जिना उतरायला लागली.

"मी उद्या दुपारच्या गाडीनं निघतोय," वरून आवाज आला.

अर्ध्या जिन्यात तिला परत फिरावंसं वाटलं. फार वाटलं. पण रागाची एक गंमत असते, तो निघून गेला तरी पाय चालतच राहतात. रस्त्यावर आल्यावर तिला रडू फुटलं, आणि ती बादल्यांकडे बघत उभी राहिली, जशी काही बादलीच घ्यायला आली होती.

संध्याकाळी तिनं आत्याला सगळं सांगितलं. म्हणजे, दिव्यांचं सांगितलं.

"नाणं मागे घेऊ," आत्या म्हणाली. "पण आपल्या लिलावघराचा रिवाज आहे. ज्याची चूक त्यानंच उभं राहून सांगायची. काय चुकलं, आणि का चुकलं. ‘काही तांत्रिक कारणानं’ वगैरे गुळमुळीत माझ्याकडे चालत नाही."

"दिवे दोन होते, म्हणून चुकलं."

"ती त्याची चूक. तुझी कुठली?"

भिंगरी भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"स्वतःच्या टेबलावर नेल्याशिवाय तू कधी मत देत नाहीस. हे का नाही नेलंस?"

"...उठावंसं वाटलं नाही."

"बरं नव्हतं?"

"चांगली ठणठणीत होते."

आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अस्सं आहे होय!" ती म्हणाली. "मग उद्या तेच सांग."

"भर सभेत? आत्या, मी मरेन!"

"कुणी मरत नाही. मी त्या वयात एकदा गप्प बसले होते, तेव्हाही नाही मेले," आत्या म्हणाली आणि उठून आत गेली. असं काही आत्या पहिल्यांदाच बोलली होती.

दुसऱ्या दिवशी दालन खच्चून भरलं होतं. आत्या हातोडी घेऊन व्यासपीठावर. भिंगरी शेजारी उभी राहिली. घड्याळाकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती घड्याळाकडेच बघत होती. आत्ता तो गाडीत बसत असेल. आत्ता खिडकीजवळची जागा शोधत असेल.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. दारात तो उभा! एका खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात बॅग, धावत आल्यासारखा.

"चूक माझी आहे," तो तिथूनच म्हणाला. "दिवा मी लावला होता. यांना बोल लावू नका."

"तुमची पाळी नंतर, काळोखराव," आत्या म्हणाली. "आत्ता ती बोलतेय. गप्प उभे राहा, आणि दार लावा."

लोक हसले. भिंगरीनं घसा साफ केला.

"हे नाणं आम्ही मागे घेतोय. ते दुबार नाही, हादरा आहे. मत माझं होतं आणि ते चुकलं. नाणं मी नेहमीसारखं माझ्या टेबलावर नेऊन तपासलं नाही. कारण..." ती थांबली. आत्या समोर बघत होती. "कारण नाणं बघताना माझं लक्ष नाण्यावर नव्हतं."

इथे थांबता आलं असतं. रिवाज पाळला गेला होता. पण पहिल्या रांगेतून शंकेखोर आजोबांनी हात वर केला.

"मग कुठे होतं?"

सगळं दालन खो खो हसलं. आजोबा मात्र हसले नाहीत, त्यांना खरोखरच शंका होती. भिंगरीचे कान तापले. खाली बसावं, पळून जावं, काहीही करावं... आणि तिला एकदम वाटलं, हा माणूस गाडी सोडून इथे आलाय, आणि आपण अर्ध्या जिन्यातून मागे फिरलो नव्हतो.

"ते काय," ती म्हणाली. "दारात उभे आहेत."

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. तो इतका लाल झाला की बॅग कुठे ठेवावी तेही त्याला कळेना. आजोबा त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत म्हणाले, "हां. मग ठीक आहे." आत्यानं हातोडी आपटली, "पुढचं नाणं!" पण तिचा आवाज जरा घोगरा झाला होता.

दुपारची गाडी गेलीच होती. संध्याकाळी दुसरी होती. स्टँडच्या कट्ट्यावर दोघं बसली, मध्ये कॅमेऱ्याची पिशवी ठेवून. दिवसाउजेडी एकमेकांशेजारी बसायची सवय नव्हती, त्यामुळे दोघंही समोरच्या रिकाम्या गाड्यांकडे बघत होती. ऊन कललं होतं आणि वाऱ्यानं तिच्या कपाळावर बटा येत होत्या. तो मधूनच हळूच बघायचा, आणि तिनं बघितलं की नजर काढून घ्यायचा.

"जाऊ नका म्हणा," तो म्हणाला.

"नाही म्हणणार. असं काम पुन्हा मिळतं का?"

"मग काय म्हणाल?"

तिनं पिशवीचा पट्टा उगाचच सरळ केला. बोलायला लागली असती तर रडूच आलं असतं. वर्ष म्हणजे किती मोठं असतं, हे तिला आत्ता कळायला लागलं होतं. गाडी फलाटाला लागली. लोक उठले. त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला.

"एक फोटो काढू देता? वर्षभर पुरवीन."

"तुम्ही माणसांचे काढत नाही ना?"

"एकाच माणसाचा काढणार आहे."

तिनं बटा मागे सारल्या. मान जराशी वळवली. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, श्वास रोखला... आणि तिनं पुढे होऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर तळवा ठेवला.

"नको."

"का?"

"फोटो मिळाला तर तुला परत यायची घाई राहायची नाही."

त्यानं कॅमेरा खाली केला. काहीतरी ऐकल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला. "काय म्हणालीस? तुला?"

"चुकून गेलं तोंडातून."

कंडक्टरनं घंटी मारली. तो पायरीवर चढला, पण आत जाईना.

"पुन्हा म्हण ना एकदा."

तिचे डोळे भरून आले होते, तरी ती हसत होती, आणि या वेळी भर उजेडात.

"आल्यावर," ती म्हणाली.